कप्तानाची वही, कातकऱ्यांची दळी

तुमच्याकडे पाचवी पुजतात का? लग्न कोण लावतं, भटजी की जमातीतलाच माणूस? मेलेल्याला जाळता की पुरता? घरचा देव कोणता, आणि त्याला कोंबडं चालतं की नारळच लागतो?

गावाकडच्या पाहुण्यानं असं विचारलं तर चहा होतो, गप्पा रंगतात. पण महाराष्ट्रात असे प्रश्न घेऊन पोलीसही येतात. अनुसूचित जमातीचा दाखला खरा की खोटा हे तपासणाऱ्या समितीकडे दक्षता पथक असतं. ते पथक घरी येऊन चालीरीतींची चौकशी करतं आणि दिलेली उत्तरं जमातीच्या लिखित माहितीशी ताडून पाहिली जातात. उत्तरं जुळली नाहीत तर मेडिकलचा प्रवेश, लागलेली नोकरी, राखीव जागेवर निवडून आलेलं सरपंचपद, काहीही हातचं जाऊ शकतं. म्हणजे आपल्या आजीला कसं पुरलं किंवा जाळलं, याचं ‘बरोबर’ उत्तर कुठल्यातरी पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे.

ते पुस्तक लिहिलं कोणी? हा माग काढत गेलं की माणूस चक्रावतो. कारण मागे जाता जाता आपण शेवटी एका लष्करी तंबूत येऊन पोचतो.

तिथं जाण्याआधी थोडा भूगोल. पनवेलहून सुटलेली गाडी पेण, कासू, नागोठणे करत निडीला थांबते. पुढचं स्टेशन रोहा, आणि तिथून पुढे कोकण रेल्वेची हद्द. पेण-रोह्याच्या या पट्ट्यात खाचरं संपून डोंगर चढायला लागला की कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या लागतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. दिवाळीनंतर यातली कितीतरी घरं कुलूप न लावताच रिकामी होतात, कारण माणसं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात आणि मागे कुलूप लावण्यासारखं काही नसतं. या वाड्यांविषयी सरकारला काय ठाऊक आहे, ते कोणी ठरवलं, आणि त्या माहितीचं पुढे काय झालं, याची ही हकिगत आहे.

आता तो तंबू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुरंदरची राखण पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या रामोशांचं काम गेलं, वतनांवर टाच आली. भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड उभारलं आणि कंपनी सरकारला काही वर्षं अक्षरशः पळवलं. त्यांच्या मागावर जे अधिकारी होते त्यांत एक होता कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश, मद्रासच्या २७व्या देशी पलटणीतला. डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी फितुरीनं पकडले गेले आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पुढची फारशी कोणी सांगत नाही: १८३३ साली याच कॅप्टननं रामोशांवर एक आख्खं पुस्तक छापलं.

त्या पुस्तकात रामोशांची कुळं आहेत, देव आहेत, लग्नाच्या रीती आहेत, शकुन-अपशकुन आहेत. परक्याला कळू नये म्हणून ते आपसांत वापरत त्या सांकेतिक बोलीतल्या शब्दांची यादीसुद्धा आहे. आणि उमाजींचं चरित्र आहे, तेही बरंचसं खुद्द कैदेतल्या उमाजींशी बोलून मिळवलेलं. विचार करा, फासाची वाट पाहणारा एक माणूस, त्याच्यासमोर दौत-टाक घेऊन बसलेला त्याला पकडणारा अधिकारी, आणि प्रश्न चाललेत कुळाचे नि कुलदैवतांचे. आज ज्याला मानववंशशास्त्रज्ञ ‘मुलाखत’ म्हणतात त्याचा मराठी मुलखातला हा अगदी पहिल्यांपैकी एक नमुना असावा.

कॅप्टनला ही माहिती कशाला हवी होती, हे सांगायला नको. ज्याची बोली कळते त्याचा निरोप पकडता येतो, आणि ज्याचं सोयरंधायरं कळतं त्याला आसरा कोण देईल हेही कळतं. पण लिहिता लिहिता कॅप्टनच्या हातून एक वेगळंच काम झालं. उमाजींची धडाडी, त्यांच्यापुढचा शिवाजी महाराजांचा आदर्श, हे सगळं त्यानंच नोंदवून ठेवलं. आज ज्यांना आपण आद्यक्रांतिवीर म्हणून पुजतो त्यांच्या चरित्राचा मोठा आधार त्यांना पकडणाऱ्याची वही आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

त्याच सुमारास सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांचंही बंड पेटलं होतं. ते मोडण्यातही मॅकिंटॉश होता आणि मग त्यांच्यावरही त्यानं सविस्तर लिहिलं. पुढे सरकारी गॅझेटियरांनी या लेखनावर हात मारला, गॅझेटियरांवरून जाती-जमातींचे जाडजूड खंड निघाले आणि खंडांवरून याद्या झाल्या. आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं ज्या निकालात आजच्या दाखला-तपासणीची चौकट घालून दिली, तो खटला कोणत्या जमातीच्या दाव्यावरून उभा राहिला होता? महादेव कोळी! त्या निकालानं दक्षता पथक नेमायला सांगितलं, त्याच्यावर पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी ठेवायला सांगितला, आणि या पथकानं दैवतं, विधी, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या चाली यांची विचारपूस करावी असं म्हटलं. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटणारे महाभाग आपल्याकडे आहेतच, त्यामुळे तपासणी हवी याबद्दल वाद नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षांनी गणवेशातला माणूस पुन्हा दारात येऊन देवाचं नाव विचारतो, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता आपल्या कुलाब्याकडे येऊ. रायगड जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव कुलाबा. १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरच्या खंडात आणि त्याच्याच शेजारच्या ठाण्याच्या खंडात कातकरी येतात. जेम्स कॅम्पबेल हे या मालिकेचे संपादक. ही पुस्तकं मी मुद्दाम वाचायला सांगेन, कारण असं चमत्कारिक मिश्रण दुसरीकडे सापडणार नाही. एकाच परिच्छेदात एखाद्या जमातीला आळशी, दारुडी, चोरटी ठरवून टाकलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत तिचा एखादा विधी इतक्या बारकाईनं टिपलेला असतो की लिहिणाऱ्यापुढे हात जोडावेसे वाटतात. रामाच्या सैन्यातल्या वानरांपासून आपण झालो, ही कातकऱ्यांची स्वतःबद्दलची कथा तिथं आहे. सोन आणि ढोर या त्यांच्या शाखा आहेत.

आणि कात आहे. विड्यात पडणारा कात. खैराचं झाड निवडायचं, शेंदूर-नारळ वाहून त्याची पूजा करायची, मग ते पाडायचं. साल आणि बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकायचं, कारण रंग असतो तो आतल्या लालभडक गाभ्यात. गाभ्याच्या ढलप्या काढून मातीच्या मडक्यांत पाण्यात उकळायच्या, रस गाळून पुन्हा आटवायचा, दाट झाला की थापून वड्या पाडायच्या. जंगलात हंगामापुरत्या झोपड्या, रात्रभर भट्ट्या, धूर. आख्खा धंदा जमातीच्या हातातला, मडक्यापासून वडीपर्यंत.

हे सगळं इतक्या तपशिलानं लिहिलं गेलं, कारण खैर हा सरकारी उत्पन्नाचा विषय होता. ज्या दशकात हे खंड तयार होत होते त्याच दशकात, १८७८ साली, वनकायदा आला. रान राखीव झालं, खैर सरकारचा झाला आणि कातकरी स्वतःच्याच रानात चोर ठरला. म्हणजे एका टेबलावर त्यांच्या धंद्याचं वर्णन लिहिलं जात होतं आणि शेजारच्या टेबलावर तो धंदा बंद करण्याचे आदेश. आपण आज वाचतो ते वर्णन जवळजवळ मृत्युलेखच आहे.

मात्र जंगल खात्याला एक अडचण होती. रानातली माणसं हाकलली तर झाडं तोडायला, वणवे विझवायला मजूर कुठून आणायचे? म्हणून डोंगरउतारावरचे तुकडे या लोकांना नाचणी-वरीपुरते कसायला दिले. त्याला इकडे ‘दळी’ म्हणतात. दळी एकेकट्याच्या नावावर क्वचितच असायची. वाडीतल्या एका नायकाच्या नावावर नोंद आणि कसणारी घरं अनेक, अशी पद्धत. सुरेखा दळवी आणि मिलिंद बोकील यांनी २००० साली किनारपट्टीतल्या आदिवासींच्या जमीनहक्कांवर लिहिताना या दळ्यांचा प्रश्न मांडला होता. कातकऱ्यांवर बोकिलांचं ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पुस्तकही आहे. दळीची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

रान गेल्याचा राग साठत होताच. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरच्या आक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आठ सत्याग्रही मारले गेले. त्यांत एक नाव नाग्या महादू कातकरी. गॅझेटियरात कातकरी ‘जमात’ म्हणून येतो, हुतात्म्यांच्या यादीत तो नावागावासकट येतो. दोन्ही कागद एकाच जिल्ह्यातले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे हे शास्त्र सरकारचंच हत्यार. तसं सरळ असतं तर लिहिण्यात मजा नव्हती. आता न्यूयॉर्कला जाऊ, ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा चर्चावर्ग भरला आहे. निबंध वाचायला उभा आहे पंचविशीतला एक विद्यार्थी, भीमराव रामजी आंबेडकर. विषय, भारतातल्या जाती: त्यांची रचना, उगम आणि वाढ. युरोपीय पंडित जातीचं मूळ वंशात, रंगात, धंद्यात शोधत होते. या विद्यार्थ्यानं सांगितलं, जातीचा प्राण आहे जातीतल्या जातीत लग्न करण्यात. ते टिकवायचं तर नवरा मेल्यावर उरलेली बाई आणि बायको मेल्यावर उरलेला पुरुष यांचं काय करायचं हा हिशेब जातीला सोडवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्या हिशेबातून निघालेले उपाय. एकोणीसशे सोळा साली हे असं मांडणं म्हणजे काय, याची कल्पना करा. ज्याच्या जातीचं वर्णन आजवर दुसरेच लिहीत आले, तोच आता वर्णन करणाऱ्यांच्या खुर्चीत बसला होता आणि त्यांच्यापेक्षा पुढचं बोलत होता.

गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य. बोआस म्हणजे अमेरिकी मानववंशशास्त्राचे पितामह. वंशावरून बुद्धी ठरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर लढून सांगितलं. याच बोआसनी १९१९ साली ‘द नेशन’ साप्ताहिकात पत्र लिहून गौप्यस्फोट केला, की पहिल्या महायुद्धात काही अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करत होते. नावं त्यांनी घेतली नाहीत. मग शास्त्रज्ञांच्या संघटनेनं काय केलं? हेरांना सोडून बोआसचाच निषेध केला, २० विरुद्ध १० मतांनी. तो ठराव मागे घ्यायला २००५ साल उजाडलं. त्यानंतर लगेचच अमेरिकी लष्करानं अफगाणिस्तान आणि इराकमध्ये पलटणींबरोबर समाजशास्त्रज्ञ पाठवण्याची योजना सुरू केली. टोळ्यांचं नातंगोतं, मानपान, भांडणं समजून घ्यायला. २००७ साली त्याच संघटनेनं या योजनेला जाहीर विरोध केला. मॅकिंटॉशच्या वहीचे हे पणतू म्हणायला हरकत नाही.

आणि आंबेडकर? ते ११ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या कुलाबा जिल्ह्यातच महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होते, हजारो माणसांसह. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. चर्चावर्गातला सिद्धान्त आणि तळ्यावरचा सत्याग्रह यांच्यात मला तरी सरळ रेष दिसते. जात निसर्गानं दिलेली नसेल, माणसांनी लग्नाचे नियम करून उभी केली असेल, तर ती माणसांना पाडताही येते.

मोजमापाच्या बाबतीतही हेच. ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांना नाकांची रुंदी-लांबी मोजून जातीची उतरंड सिद्ध करायची होती. समाजशास्त्रज्ञ जी. एस. घुर्ये यांनी मोजमापं पुन्हा तपासून या सिद्धान्ताला सुरुंग लावला. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या १९४८ सालच्या ग्रंथात तीच नाकांची कोष्टकं पुढे ठेवली आणि निष्कर्ष उलटा काढला: या शास्त्रावर विश्वास ठेवायचाच तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. शत्रूच्या फुटपट्टीनंच शत्रूचं माप काढलं.

त्याच्या कितीतरी आधी आपली एक मराठी बाई बर्लिनमध्ये कवट्या मोजत होती. इरावती कर्वे. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांनी जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीत मिश्रवंशीयांवर संशोधन करून नाव कमावलं आणि ज्यांच्या विचारांचा पुढे नाझींनी उपयोग केला. समोरच्या दीडशेच्या आसपास कवट्यांमध्ये काही वसाहतीतून उचलून आणलेल्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धीही वेगळी, असं निघावं ही गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजलं आणि लिहिलं, असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, विशीतल्या बाईनं, गुणपत्रिका ज्याच्या हातात त्याच्याच तोंडावर. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मोठं काम उभारलं, आणि १९६९ साली जाई निंबकरांबरोबर कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. विस्थापितांना मोजून त्यांचे हाल लिहून ठेवणं हे तेव्हा फारसं कोणाला सुचत नव्हतं. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना ओळखतो, पण मला हा कवट्यांपासून कोयनेपर्यंतचा प्रवास जास्त थक्क करतो.

आता दळीकडे. २००६ साली वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याला तिचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, तिथून तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पण पुरावा काय? ज्यांना कोणी कागद दिलाच नाही त्यांच्याकडे कागद मागायचा? कायद्याच्या नियमांतला १३वा नियम इथं कामाला येतो. त्यात पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात पहिल्याच झटक्यात नाव येतं ते गॅझेटियरचं. त्यापाठोपाठ जनगणना, जुने सर्व्हे, जंगल खात्याच्या नोंदी, पट्टे, भाडेपट्टे. पुढे भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणासारख्या संस्थांनी केलेले अभ्यासही.

पुन्हा वाचा. ज्या गॅझेटियरानं कातकऱ्याला चोरटा म्हटलं, तेच आता त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकतं, की हा माणूस इथं होता. ज्या खात्यानं मजूर बांधून ठेवायला दळी दिली, त्याच खात्याची नोंद सांगते की नातू तीच जमीन कसतो आहे. कप्तान, कलेक्टर आणि जंगल अधिकारी यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

दाखल्यांच्या बाबतीतही हवा थोडी पालटली आहे. ठाकर जमातीच्या संघटनेनं लढवलेल्या खटल्यात २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालीरीती जुळतात का ही परीक्षा अंतिम कसोटी मानता येणार नाही. माणसं शहरात येतात, शिकतात, दुसऱ्यांचं पाहून बदलतात. राज्यघटनेपूर्वीचे जुने कागद जास्त वजनाचे. रायगड-ठाण्यातल्या ठाकरांवर ल. ना. चापेकरांनी १९६० साली पुस्तक लिहिलं, तेव्हाचा ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर यांच्यातला फरक आज कल्याणच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला सांगता आला नाही, तर ती ठाकर नाही असं कसं म्हणायचं? चापेकरांनाही ते पटलं नसतं असं मला वाटतं. त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, प्रश्नपत्रिका नव्हे.

पेण-रोह्याच्या वाड्यांवर आजही विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, सरकारी पाहणीवाले वह्या घेऊन येतात. त्यांना माझं एक सांगणं आहे: लिहिलेल्याची एक प्रत वाडीवर ठेवून जा, मराठीत. आणि ज्यांच्या वाडीचा दावा अडकला आहे त्यांना: कुलाब्याचं जुनं गॅझेटियर राज्य सरकारनं संकेतस्थळावर ठेवलं आहे, आपल्या तालुक्याचं पान काढून घ्या. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात, पण अमुकच कागद हवा असा हट्ट समितीला धरता येत नाही. आणि १३व्या नियमात आणखी एक पुरावा नावानिशी लिहिला आहे: दावेदार सोडून वाडीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, लिहून घेतलेला. त्या यादीत तो गॅझेटियरच्याच पंक्तीला बसतो.